‘डुप्लिकेट’ पामेरियनची अस्सल गोष्ट

ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या शहरांत कुत्रं पाळायचं म्हटलं की पहिलं नाव निघायचं ते पामेरियनचं, म्हणजे पॉमेरेनियनचं. पांढराशुभ्र, टोकदार तोंडाचा, पाठीवर वळलेल्या झुबकेदार शेपटीचा, आणि जिन्यात पाऊल वाजलं की मजला डोक्यावर घेणारा. अल्सेशियनला जागा हवी, डॉबरमनची शेजाऱ्यांना धास्ती. हा मात्र दोन खोल्यांत मावायचा आणि दूध-पोळीवर खूश असायचा. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीमुळे तर त्याला स्टारपण आलं. पण टफी पॉमेरेनियन नव्हता. गल्लोगल्लीचे त्याचे भाऊबंदही बहुतेक नव्हतेच. ते सगळे इंडियन स्पिट्झ, म्हणजे त्याच्यासारखीच दिसणारी, पण इथेच घडलेली वेगळी जात.

आज पाऊण लाखाचा ‘टॉय पॉम’, म्हणजे इवलासा पॉमेरेनियन, हातावर घेऊन फिरणारी मंडळी या जुन्या कुत्र्याला सरळ डुप्लिकेट म्हणतात. इतिहास पाहिला तर हा शेरा अन्यायाचा आहे.

पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा पट्टा. आज तो पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. युरोपच्या उत्तर भागात उभ्या कानांची, दुहेरी केसांची स्पिट्झ कुत्री जुन्या काळापासून होती. त्यांचं काम राखणीचं. परका दिसला की भुंकायचं आणि धनी येईपर्यंत थांबायचं नाही. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्या भुंकण्याची तक्रार होते, त्यासाठीच पिढ्यान् पिढ्या ही जात निवडली गेली.

इंग्लंडमध्ये या कुत्र्यांना मान मिळाला तो राणी शार्लटमुळे. ती इंग्लंडचा राजा तिसऱ्या जॉर्जची बायको, मूळची मेक्लेनबर्गची, म्हणजे पॉमेरेनियाच्या शेजारची लेक. १७६७ मध्ये तिने फीबी आणि मर्क्युरी ही जोडी इंग्लंडला आणवली. ही कुत्री मांडीवर बसणारी नव्हती. इंग्रज चित्रकार गेन्झबरोच्या चित्रांत त्या काळचे पॉमेरेनियन भेटतात. ‘द मॉर्निंग वॉक’ या त्याच्या १७८५च्या चित्रात फिरायला निघालेल्या जोडप्यासोबत जो पांढरा कुत्रा मान वर करून चालला आहे, तो चांगला दांडगा आहे. त्याला पर्समध्ये घालायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

मग तो एवढुसा झाला कसा? याचं बरंचसं श्रेय, किंवा दोष, शार्लटच्या नातीकडे जातो. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरिया इटलीत फ्लॉरेन्सला गेली होती. तिथून तिने मार्को नावाचा लालसर पॉमेरेनियन आणला. वजन अवघं बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आतबाहेर. राणीला तो इतका आवडला की तिने छोट्या पॉमेरेनियनांची पैदासच सुरू केली आणि १८९१ च्या पहिल्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात आपली सहा कुत्री उतरवली. राजघराण्याची आवड ती सगळ्यांची आवड. प्रत्येक विणीतलं लहानात लहान पिल्लू निवडायचं, पुन्हा लहानाशीच त्याचं जोडं लावायचं, असा क्रम पैदासकारांनी धरला. व्हिक्टोरियाच्या हयातीतच या जातीचा आकार निम्म्यावर आला असं मानतात. १९०१ मध्ये तिच्या अखेरच्या आजारात तिच्या इच्छेवरून तिच्याजवळ आणून ठेवलेला तुरी हाही पॉमेरेनियनच.

बुटकेपणा कधीकधी पथ्यावरही पडला. १९१२ मध्ये टायटॅनिकवरची तीनच कुत्री वाचली, त्यांतले दोन पॉमेरेनियन आणि एक पेकिनीज. तिन्ही जण मालकांच्या कुशीतून होडीत पोचले. मोठ्या कुत्र्यांना ही सोय नव्हती.

इतक्या झटपट आकार घटवता आला, कारण निसर्गाने तयारी आधीच करून ठेवली होती. आयजीएफ-१ नावाचा एक जनुक कुत्र्यांच्या आकारातला सुमारे १५ टक्के फरक ठरवतो, आणि त्याचा लहान चणीचा प्रकार सैबेरियातल्या ५४ हजार वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांत सापडल्याचं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे कुत्रा माणसाळण्याच्या आधीपासून ही शक्यता रक्तात होती. पैदासकारांनी ती नुसती वेचून काढली.

आता ब्रिटनमधलं या जातीचं मानक नराचं वजन १.८ ते २ किलो सांगतं. शार्लटच्या कुत्र्यांपुढे हे म्हणजे खेळणंच. त्याची किंमत कुत्रा मोजतो. गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनळी दबते (म्हणून पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस घालावा), सोफ्यावरून उडी मारली तर पायाचं हाड मोडू शकतं. ‘टीकप’ म्हणून विकलं जाणारं पिल्लू तर कुठल्याही केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाही. ते फक्त विक्रेत्याच्या जाहिरातीत असतं.

इंडियन स्पिट्झची वाट वेगळी. इंग्रजांनी सोबत आणलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांपासून इथल्या उन्हात तगतील अशी पिल्लं निवडत ही जात घडली. लहान प्रकार पाच ते सात किलोंचा, मोठा बारा ते वीस किलोंचा. स्वातंत्र्यानंतर परदेशी जातिवंत कुत्री आणणं कठीण आणि महाग, तेव्हा मध्यमवर्गाला परवडणारा हाच. तो हुशार, पटकन शिकणारा, आणि फारशी बडदास्त न मागणारा. उन्हाळ्यात दया येऊन त्याचे केस मुळापासून भादरू नयेत. खालची लव ऊनही थोपवते, आणि एकदा काढली की नीट उगवेलच असं नाही.

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने मध्यमवर्गाचं मन पळवलं आणि आपला पांढरा गडी मागे पडला. एफसीआय या श्वानजातींच्या जागतिक संघटनेच्या यादीत त्याला आजही स्थान नाही. पण पांढरा रंग, लांबट तोंड आणि भरल्या अंगाचा बांधा पाहिला, तर शार्लटच्या कुत्र्यांशी त्याचं साम्य आजच्या चपट्या तोंडाच्या ‘टेडी फेस’ पॉमपेक्षा कितीतरी जास्त आहे. तिकडे जर्मनीत मोठ्या चणीचा ग्रोसस्पिट्झ आता दुर्मीळ होऊन धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो, आणि त्याची चुलत पिलावळ आपल्याकडे अजून ‘डुप्लिकेट’ म्हणून चार-पाच हजारांत मिळते.