मयताकडचं येणं आणि मृत्युपत्रावरचा आक्षेप: दावे दोन, वाटा दोन

काकांना पाच लाख हातउसने दिले होते, ते परत यायच्या आत काका गेले आणि मृत्युपत्रात सगळं एकाच मुलाच्या नावावर निघालं. अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं: ‘मृत्युपत्राला आव्हान द्यायचं.’ पाच लाखांसाठी त्याची गरज नाही. मृत्युपत्र खरं ठरो की खोटं, मयताचं देणं आधी फिटतं आणि उरेल ते वाटलं जातं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 325 मध्येच तसं आहे.

येण्याच्या दाव्यात खरा शत्रू मुदत असतो. उसने दिल्याच्या तारखेपासून तीन वर्षं. ‘मागशील तेव्हा देईन’ असं ठरलं असलं तरी मोजणी दिल्या दिवसापासूनच होते, मागितल्या दिवसापासून नाही. नात्यात लोक इथेच फसतात. मुदत संपण्याआधी ऋणकोने, म्हणजे पैसे घेणाऱ्याने, सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. तोंडी ‘देतो रे’ला किंमत नाही. मुदत एकदा सुरू झाली की मृत्यूमुळे थांबत नाही, आणि मृत्युपत्राचा वाद कोर्टात चालू आहे म्हणूनही थांबत नाही. आधी त्याचा निकाल लागू दे म्हणत बसलेल्याचं येणं मुदतबाह्य होतं.

दुसरी अडचण पुराव्याची. बँकेतली नोंद पैसे गेले एवढंच दाखवते. ते कर्ज होतं, भेट किंवा घरखर्चाची मदत नव्हती, हे देणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. वचनचिठ्ठी नसेल तर परतफेडीचा उल्लेख असलेले मेसेज, आधी आलेले हप्ते, व्याजाच्या नोंदी जपा. दावा वारसांवर लावायचा, पण वसुली त्यांच्या हाती आलेल्या मयताच्या मिळकतीपुरतीच होते. बापाचं कर्ज मुलाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या आपल्या वाट्यातून फेडावं, ही हिंदू कायद्यातली जुनी धार्मिक जबाबदारी 2005 च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांना लागू नाही.

मृत्युपत्राच्या वादात प्रश्नच निराळा असतो: हा कागद त्या माणसाने शुद्धीत, स्वखुशीने, रीतसर केला का? (मुस्लिम कायद्यातले नियम वेगळे आहेत.) किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि कोर्टात त्यांपैकी निदान एकाला, हयात व उपलब्ध असेल तर, उभं करावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही. नोंदलेलं मृत्युपत्रही पाडता येतं. संशयास्पद परिस्थिती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतो: ज्याला सगळं मिळालं त्यानेच वकील आणला, सही थरथरती, त्याच आठवड्यात रुग्णालयात दाखल. फसवणूक किंवा दबाव म्हणाल तर मात्र ते तुम्ही सिद्ध करायचं. म्हणून आधी केसपेपर आणि त्या काळातल्या चेकवरच्या सह्या मिळवा. ‘आम्हाला काहीच ठेवलं नाही’ ही तक्रार एकटी पुरत नाही.

प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा, अर्ज झाला असेल तर कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय देऊ नका’ असा अर्ज, दाखल करून विरोध करता येतो, पण त्यासाठी मृत्युपत्र नसतं तर वारसाहक्काने काही मिळालं असतं, असं नातं दाखवावं लागतं. नुसत्या येणेकऱ्याला तिथे सहसा उभं राहता येत नाही, आणि प्रोबेट कोर्ट उसनवारीचा हिशेबही करत नाही. आणखी एक: मृत्युपत्राने दिलेला फ्लॅट ताब्यात घेऊन तेच मृत्युपत्र खोटं म्हणता येत नाही.

तुम्ही वारसही असाल आणि येणेकरीही, तर दोन्ही मार्ग एकाच वेळी, स्वतंत्रपणे चालवा. मिळकत वीस लाखांची, येणं पाच लाखांचं आणि वारस तीन सख्खी भावंडं असतील, तर मृत्युपत्र पडल्यावर आधी पाच लाख बाजूला निघतात. उरलेल्या पंधरांचे तीन वाटे होतात. तुमच्या हाती एकूण दहा येतात.

उलटं असेल, म्हणजे मयतानेच कुणाला उसने दिले असतील, तर ते येणं मिळकतीचा भाग होतं. ऋणकोवर वारस दावा लावू शकतात, पण प्रोबेट, प्रशासनपत्र (मिळकतीचा कारभार पाहण्याचा कोर्टाने दिलेला अधिकार) किंवा सक्सेशन सर्टिफिकेट (मयताची येणी वसूल करण्याचा कोर्टाचा दाखला) हजर केल्याशिवाय कोर्ट हुकूमनामा देत नाही. तेवढ्यासाठी दावा अडवून ठेवू नका. मुदतीत दाखल करा आणि सर्टिफिकेट निकालाआधी आणून द्या.