टी म्हणजे टाकी की टेंपरेचर?

खान्देशातल्या एखाद्या सरकी तेलाच्या रिफायनरीची पी अँड आयडी, म्हणजे पाइपिंग आणि उपकरणांचा आराखडा, उघडा. 'टी-301' आणि 'टीटी-301' शेजारीशेजारी सापडू शकतात. पहिली टाकी, दुसरा तिच्यावरचा तापमानाचा ट्रान्समीटर, म्हणजे मोजलेलं तापमान पुढे पाठवणारं उपकरण. दोन्हींचे नियम वेगवेगळ्या ठिकाणचे, म्हणून सगळं सांगणारं एकच मानक शोधणाऱ्याची दमछाक होते.

मोजमापाच्या उपकरणांसाठी आयएसए या अमेरिकी संस्थेचं मानक, आयएसए-5.1, पाहावं. पहिलं अक्षर काय मोजतो ते सांगतं: एफ प्रवाह, एल पातळी, पी दाब, टी तापमान. पुढची अक्षरं काम सांगतात: आय दर्शक, सी नियंत्रक, टी ट्रान्समीटर, व्ही व्हॉल्व्ह. म्हणजे 'टीआयसी' हा तापमान दाखवणारा नियंत्रक. ही अक्षरं आराखड्यात वर्तुळात लिहितात. वर्तुळात रेघ नसेल तर उपकरण प्लांटमध्ये जागेवरच. मधोमध अखंड रेघ असेल तर कंट्रोल रूममध्ये, ऑपरेटरसमोर. तुटक रेघ असेल तर पॅनेलच्या मागे. वर्तुळाभोवती चौकोन असेल तर ते काम डीसीएसमध्ये, म्हणजे प्लांटच्या संगणकीय नियंत्रण प्रणालीत चालतं.

पंप, कॉलम, हीट एक्स्चेंजर यांच्या आकृत्या आयएसओ 10628 च्या दुसऱ्या भागात (2012) आहेत. आपल्याकडचं मानक आयएस 3232. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की भारतीय मानकं फुकट मिळतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

खरा घोळ यंत्रांच्या अक्षरांत आहे. अमेरिकी वळणाच्या आराखड्यात हीट एक्स्चेंजर 'ई', जर्मन वळणाच्या आराखड्यात 'डब्ल्यू'. 'के' एकीकडे कॉम्प्रेसर, दुसरीकडे कॉलम. म्हणून आराखड्याचं पहिलं पान, लेजंड शीट, म्हणजे चिन्हांची आणि अक्षरांची यादी, आधी वाचायचं. ते नसेल तर ठेकेदाराकडून मागून घ्यायचं, त्याशिवाय आराखडा ताब्यात घेऊ नये.

सगळ्यात महागात पडते ती कंट्रोल व्हॉल्व्हखालची दोन अक्षरं. इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी दाबाची हवा, गेली तर वाफेचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा (एफसी, फेल क्लोज्ड), आणि कंडेन्सरच्या थंड पाण्याचा उघडा राहायला हवा (एफओ, फेल ओपन). हेक्झेन हा द्रावक वापरून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये पाण्याच्या व्हॉल्व्हवर चुकून एफसी पडलं आणि तसाच बसवला गेला, तर हवा जाताच पाणी तुटतं. हेक्झेन साधारण 69 अंशांनाच उकळतं. वाफ थंड होत नाही आणि व्हेंटमधून बाहेर पडते. ठिणगी मिळाली तर संपलंच.

क्रमांकांबाबत एवढंच: जोडीचे पंप 'पी-301ए' आणि 'पी-301बी' असेच ठेवावेत, आणि भंगारात गेलेल्या यंत्राचा क्रमांक नव्याला देऊ नये. जुन्या देखभालीच्या नोंदी नव्या यंत्राच्या नावावर चढतात.