शेजारी थीम पार्क आणि त्यांच्या वेगवेगळ्या वेळा

एकमेकांना लागून असलेली थीम पार्क बहुधा एकाच वेळी उघडत नाहीत आणि एकाच वेळी बंदही होत नाहीत. ऊन-पाऊस सारखेच, रस्ता एकच, पुष्कळदा मालकही एकच. तरी एकाच्या फाटकाला संध्याकाळी सहाला कुलूप लागते आणि दुसरे मध्यरात्रीपर्यंत लखलखत असते. लांबून तिकिटे काढून आलेल्या कुटुंबाला हा सगळा घोळ वाटतो, पण या वेळा फार विचार करून ठरवलेल्या असतात. पार्कात काय आहे, ते अंधारात चालते का, माणसे तिथे किती तास रमतात आणि शेजारच्या पार्कात त्या वेळी काय सुरू आहे, हे सगळे पाहून तास आखले जातात. यातली शेवटची गोष्ट पाहुण्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. सगळ्यात जास्त उलगडा मात्र तिनेच होतो.

समोरासमोरची दोन फाटके

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइम शहरात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड सुरू झाले. २००१ साली त्याच्या जुन्या वाहनतळाच्या जागेवर डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरे पार्क उभे राहिले. दोन्हींची फाटके समोरासमोर आहेत आणि मध्ये फक्त एक फरसबंद चौक आहे. लहान मूल कडेवर असले तरी दोन-तीन मिनिटांत या फाटकातून त्या फाटकात जाता येते.

हंगामातल्या रात्री दहाच्या सुमारास या चौकात उभे राहिले की वेळांचा हिशेब समोर दिसतो. कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर बंद होते आणि माणसांचा लोंढा बाहेर येतो. त्यातली पेंगुळलेली मुले आणि थकलेले आजी-आजोबा बसथांब्याकडे वळतात. दोन्ही पार्कांचे तिकीट, म्हणजे पार्क हॉपर, जवळ असलेले बाकीचे लोक सरळ समोरच्या फाटकात शिरतात, कारण डिस्नेलँड बारापर्यंत उघडे असते. दोन्ही पार्क दहाला बंद झाली असती तर हीच सगळी गर्दी एकदम रस्त्यावर आली असती. दोन्ही बारापर्यंत चालली असती तर शेवटचे दोन तास दोन्हीकडे अर्ध्या रिकाम्या राइड चालवाव्या लागल्या असत्या.

मालक एकच असला की दोन पार्क मिळून पाहुण्याचा एकच दिवस भरायचा असतो. एक पार्क रात्रीचे ठरते, दुसरे त्याला माणसे पुरवते. पॅरिसजवळच्या डिस्नेलँडमध्येही वर्षानुवर्षे हेच चालत आले. १९९२ साली उघडलेले मूळ पार्क, ज्याच्या किल्ल्यावर रात्रीचा सोहळा होतो, ते उशिरापर्यंत चालू राही. २००२ साली शेजारी सुरू झालेले स्टुडिओ पार्क त्याआधीच आवरते घेई.

टोकियोत मात्र चित्र निराळे आहे. १९८३ सालचे टोकियो डिस्नेलँड आणि २००१ सालचे टोकियो डिस्नेसी यांच्या वेळा बहुतेक दिवशी जवळजवळ सारख्याच असतात, साधारण सकाळी नऊ ते रात्री नऊ. तिथले नेहमीचे एक दिवसाचे तिकीट एकाच पार्काचे असते. दिवसभर एकाच पार्कात राहणाऱ्या पाहुण्याला शेजारच्या पार्काइतकेच तास मिळायला हवेत, हे उघड आहे. माझ्या मते टोकियोच्या या अपवादातून नियम अधिक स्पष्ट होतो. पाहुणा एका पार्कातून दुसऱ्यात जाऊ शकत असेल तरच वेळा वेगळ्या ठेवण्यात अर्थ असतो.

जनावरांचे घड्याळ

पार्कात जिवंत प्राणी असतील तर मालकाची इच्छा दुय्यम ठरते. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार पार्क आहेत. त्यातले अ‍ॅनिमल किंगडम २२ एप्रिल १९९८ रोजी, वसुंधरा दिनी, सुरू झाले आणि तेव्हापासून चौघांत सर्वांत आधी बंद होणारे पार्क म्हणून ते ओळखले जाते. इथल्या किलिमांजारो सफारीत उघड्या मोटारीतून जिराफ, हत्ती, गेंडे बघायला मिळतात. दिवेलागणीला यातले बरेचसे प्राणी रात्रीच्या निवाऱ्यात नेले जातात. तिथे त्यांना खाणे मिळते आणि त्यांची तब्येत तपासली जाते. हाकून नेण्याची वेळ सहसा येत नाही. ज्या त्या जातीला एका ठरावीक आवाजाची सवय लावलेली असते आणि तो आवाज ऐकला की ते प्राणी आपणहून आत येतात. गाईगुरे संध्याकाळी गोठ्याकडे वळतात तसेच हे दृश्य असते, आणि अशा जागेचे फाटक या ओढीला धरूनच बंद व्हावे हे मला अगदी योग्य वाटते.

सकाळचेही तसेच. फ्लोरिडाच्या उन्हात भर दुपारी प्राणी सावली धरून पडून राहतात. वावरताना दिसतात ते सकाळी. म्हणून हे पार्क पुष्कळदा आठ वाजता, म्हणजे शेजाऱ्यांच्या आधी उघडते. आवाजाचा त्रास नको म्हणून इथे फटाक्यांची आतषबाजी नाही. फुगेही विकत नाहीत आणि पेयांबरोबर प्लास्टिकच्या नळ्याही देत नाहीत. त्या चुकून प्राण्यांच्या पोटात जाऊ शकतात. रात्री आकाश उजळणारा कार्यक्रमच नसल्यावर पाहुण्याला उशिरापर्यंत थांबवायचे कशासाठी?

हे बदलण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१६ साली सफारीच्या वाटेवर मावळतीच्या उजेडाचा भास देणारे दिवे लावून रात्रीच्या फेऱ्या सुरू केल्या गेल्या. पाठोपाठ २०१७ साली पँडोरा हा भाग उघडला. अंधार पडल्यावर तिथली झाडे आणि पायाखालची वाट चमकू लागते. पार्कात रात्री पाहण्याजोगे काहीतरी आले आणि बंद होण्याची वेळही पुढे सरकली. रात्रीच्या सफारी पुढे थांबल्या आणि वेळ पुन्हा मागे आली.

या बाबतीत सर्वांत सुंदर उदाहरण मला सिंगापूरच्या मंडाई भागातले वाटते. तिथले प्राणिसंग्रहालय १९७३ सालचे. सकाळी साडेआठला उघडते, संध्याकाळी सहाला मिटते. त्याच्या शेजारीच १९९४ सालापासून नाइट सफारी आहे. फक्त रात्री जागणाऱ्या प्राण्यांसाठी उभारलेले हे जगातले पहिले उद्यान. ते संध्याकाळी सव्वासातला उघडते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. सिंगापूर विषुववृत्तापासून जवळ असल्याने तिथे वर्षभर साधारण सातच्या सुमारास अंधार पडतो, त्यामुळे ऋतूप्रमाणे वेळ बदलण्याची गरजही पडत नाही. दोन्ही उद्यानांच्या वेळांत एक तासही सामाईक नाही, आणि एकाच दिवशी दोन्ही पाहता येतात.

एकाच फाटकाच्या आत दोन वेळा

वेळ ठरवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे पार्कात काय विकले जाते. एपकॉट हे वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधले दुसरे पार्क १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झाले. त्याचे वेळापत्रक अभ्यासण्यासारखे आहे, कारण इथे एकाच पार्काचे दोन भाग वर्षानुवर्षे वेगवेगळ्या वेळी उघडत. पुढचा, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा भाग सकाळी नऊला सुरू होई आणि त्यातले बरेचसे खेळ संध्याकाळी सातला थांबत. मागे तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत, त्या भागाचे नाव वर्ल्ड शोकेस. तो भाग अकराला उघडे आणि रात्री नऊच्या आतषबाजीपर्यंत चाले.

कारण सरळ होते. वर्ल्ड शोकेसमध्ये राइड मोजक्याच. मुख्य आकर्षण तिथली उपाहारगृहे आणि दुकाने. सकाळी नऊला जेवायला कोण येणार? दुपारच्या जेवणाच्या सुमारास भाग उघडायचा, रात्रीचे जेवण उरकेपर्यंत चालू ठेवायचा. प्रवेशाचे पैसे सकाळी फाटकावरच मिळालेले असतात. त्यानंतरच्या प्रत्येक तासाला कमाई होते ती खाण्यापिण्याची आणि खरेदीची. राइडचे तसे नसते. रोलर कोस्टरमध्ये दहा माणसे बसोत की हजार, ती चालवायला आणि तिच्यावर लक्ष ठेवायला ठरलेली माणसे लागतातच. म्हणून राइडवर भिस्त असलेले पार्क गर्दी ओसरली की तोट्यात चालू लागते. जेवणावळीचे पार्क मात्र त्याच वेळी भरात येते.

लहान मुलांसाठीची पार्क लवकर बंद होतात ती आणखी निराळ्या कारणाने. लेगो ठोकळ्यांच्या खेळण्यांवर बेतलेली लेगोलँड पार्क प्रामुख्याने दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असतात. पाच वर्षांचे मूल रात्री नऊपर्यंत रांगेत उभे राहत नाही, आणि राहिले तर आईवडिलांचा दिवस वाया जातो.

वेगळ्या तिकिटाच्या रात्री

एरवी रात्री अकरापर्यंत चालणारे पार्क एखाद्या दिवशी अचानक संध्याकाळी सहाला का बंद होते? बहुतेक वेळा त्या रात्री वेगळ्या तिकिटाचा सोहळा असतो. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविन आणि नाताळच्या काळात ठरावीक रात्री असे सोहळे होतात. दिवसाचे तिकीट असलेल्यांना सहाला निरोप मिळतो. सोहळ्याचे तिकीटधारक दुपारी चारपासूनच आत येऊ लागलेले असतात आणि ते मध्यरात्रीपर्यंत थांबतात.

फ्लोरिडातल्याच युनिव्हर्सल ऑर्लँडो या पार्कसमूहात शरद ऋतूतल्या हॅलोविन हॉरर नाइट्स या भीतिदायक सोहळ्याची परंपरा १९९१ पासूनची आहे. त्या रात्री युनिव्हर्सल स्टुडिओज फ्लोरिडा संध्याकाळी पाचला रिकामे केले जाते. कलाकार आणि धुराची यंत्रे जागेवर लावून भीतीची घरे तयार व्हायला मध्ये थोडा अवधी लागतो. १९९९ साली शेजारी उघडलेले आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर मात्र त्यानंतरही चालू राहते, त्यामुळे पाचला बाहेर पडलेल्या माणसाला जायला जागा असते. शेजारी दुसरे पार्क नसते तर दिवसाच्या तिकिटाचे तास इतके कापणे मालकाला जड गेले असते. दोन पार्क असण्याचा हा फायदा कंपन्या पुरेपूर घेतात. पाहुण्याला मात्र तिकीट काढतानाच हे ठळकपणे सांगायला हवे. वर्षातून एकदा येणाऱ्या कुटुंबाची संध्याकाळ अशी अर्धवट सुटू नये.

मुक्कामाचा फरकही असतोच. डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. युनिव्हर्सलच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांनाही ठरलेल्या पार्कात लवकर सोडतात. त्यामुळे एकाच पार्काची उघडण्याची वेळ दोन जण दोन सांगतात आणि दोघेही खरेच बोलत असतात.

पाणी आणि छप्पर

वॉटर पार्क उजेडाचा गुलाम असतो. जीवरक्षकाला तळ दिसला पाहिजे, आणि ऊन उतरले की ओल्या अंगाने घसरगुंडीच्या जिन्यावर उभे राहायला कोणाला आवडत नाही. डिस्नेच्या टायफून लगून आणि ब्लिझर्ड बीच या दोन वॉटर पार्कांत हिवाळ्यात बहुधा एक दुरुस्तीसाठी बंद आणि दुसरे उघडे असते. जर्मनीतल्या रुस्ट गावी याच्या उलट प्रकार दिसतो. तिथले युरोपा-पार्क १९७५ सालचे. उन्हाळी हंगामात ते साधारण संध्याकाळी सहापासून बंद होऊ लागते आणि जानेवारीनंतर काही आठवडे पूर्ण बंद असते. शेजारी २०१९ साली उघडलेले रुलांटिका हे जलविश्व मोठ्या छताखाली आहे, त्यामुळे ते हिवाळ्यातही आणि रात्री दहापर्यंत चालते.

रात्रपाळी आणि मनुष्यबळ

बंद पार्कात रात्रभर काम चालू असते. रोलर कोस्टरचा रूळ, चाके, ब्रेक, सीटवरचे दांडे रोज तपासावे लागतात. रस्ते धुतले जातात, रंग उडालेला भाग पुन्हा रंगवला जातो, बागा आवरल्या जातात. जुने आणि सतत गर्दीचे पार्क मध्यरात्री बंद होऊन नऊला उघडत असेल तर या कामाला जेमतेम आठ-नऊ तास मिळतात. दोन शेजारी पार्कांच्या देखभालीची माणसे आणि यंत्रे काही प्रमाणात सामाईक असतील, तर एकाला आधी मोकळे करण्यात शहाणपण आहे.

हंगामी पार्कांत प्रश्न माणसांचा असतो. अमेरिकेतली अनेक पार्क उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या हातांवर चालतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणारा कामगार दिन उलटला की ही मुले शाळा-कॉलेजात परततात आणि पार्क आठवड्याच्या अखेरीपुरती उरतात. व्हर्जिनिया राज्यात तर १९८६ च्या एका कायद्याने शाळा कामगार दिनानंतरच सुरू करण्याचे बंधन घातले. तिथल्या एका पार्काच्या नावावरून लोक त्याला किंग्ज डोमिनियन कायदा म्हणत. २०१९ साली तो सैल करण्यात आला.

मालक वेगळे असतील तर

वेगळ्या मालकांच्या शेजाऱ्यांत एकमेकांना माणसे पुरवण्याचा प्रश्नच नसतो. दोघांनाही तोच पाहुणा सकाळपासून रात्रीपर्यंत आपल्याकडे हवा असतो. अशा ठिकाणी वेळा जुळल्या तर त्या एकमेकांकडे बघून जुळतात. बसून ठरवणे धोक्याचे असते. अमेरिकेत व्यापारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने १९८९ साली डेट्रॉइटच्या मोटारविक्रेत्यांनी संगनमताने दुकानांचे तास कमी केल्याचे बेकायदा ठरवले. धंदा निराळा असला तरी ग्राहकाला मिळणारे तास हाही स्पर्धेचाच भाग मानला जातो, हे त्यातून स्पष्ट झाले.

फलकावरची वेळ

जाहीर केलेली वेळ तंतोतंत धरायची नसते. अनेक पार्कांत बंद होण्याच्या क्षणी जो रांगेत उभा असेल त्याला राइड मिळतेच, मग रांग तासाभराची का असेना. मॅजिक किंगडममध्ये फाटकाजवळच्या रस्त्यावरची दुकाने त्यानंतरही उघडी राहतात. सगळी माणसे एकदम मोनोरेल आणि बोटींवर लोटू नयेत म्हणूनही ते सोयीचे पडते. गर्दी वाढणार असे दिसले तर तास आयत्या वेळी वाढवले जातात. डिस्नेलँड तर १९८५ पर्यंत कमी गर्दीच्या हंगामात सोमवार-मंगळवार बंदच असे. आठवड्याचे सातही दिवस वर्षभर चालू राहण्याची प्रथा तिथे त्या साली सुरू झाली.