टेकू काढून पाहायचा का?

दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. सात वर्षांत अशी सुमारे १२० होतात. दर काही महिन्यांनी हृदयाचा इको, अधूनमधून स्कॅन, आणि प्रत्येक स्कॅनच्या आधीच्या जागरणाच्या रात्री. रिपोर्ट मात्र वर्षानुवर्षं स्वच्छ येतोय. अशा वेळी स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेली बाई विचारते, "आता औषध थोडं कमी करता येईल का?" हा प्रश्न विचारताना तिला अपराधी वाटतं, हे मला फार लागतं. तो अगदी रास्त प्रश्न आहे.

हा प्रश्न निघतो, हेच मुळात नवं आहे. हर-टू नावाचं प्रथिन पेशींवर जास्त असलेला कर्करोग पूर्वी सगळ्यात आक्रमक प्रकारांत गणला जाई. १९९८ मध्ये अमेरिकेत या प्रथिनावर नेम धरणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली, २०१२ मध्ये पर्टुझुमॅबला. ही दोन्ही औषधं केमोसोबत देणाऱ्या 'क्लिओपात्रा' चाचणीत आठ वर्षांनंतर शंभरातल्या सुमारे ३७ जणी हयात होत्या, आणि साधारण १६ जणींचा आजार तोवर वाढलेलाच नव्हता. या उपचारात केमो काही सायकलनंतर थांबवतात आणि फक्त ही दोन औषधं चालू ठेवतात. म्हणजे एक मोठी कपात नेहमीच्या उपचारातच बसवलेली आहे.

पुढची कपात मात्र अवघड. छताला टेकू दिलाय आणि छत वर्षानुवर्षं जागेवर आहे. ते टेकूमुळे उभं आहे की आता स्वतःच्या बळावर, हे नुसतं बघून सांगता येत नाही. स्कॅनलाही सांगता येत नाही. एक सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात, एक मिलिमीटरच्या ठिपक्यातही लाखो, आणि तो ठिपका बहुतेक वेळा स्कॅनमध्ये उमटतच नाही. त्यामुळे 'काही दिसलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घेता येत नाही. रक्तात तरंगणारे कर्करोगाच्या डीएनएचे तुकडे शोधणाऱ्या चाचण्या आल्या आहेत, पण त्यांच्या जोरावर औषध बंद करावं इतका भरवसा अजून ठेवता येत नाही.

एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, सीएमएलमध्ये, हे जमलं आहे. तिथे आजाराची खूण रक्तात अतिशय बारकाईने मोजता येते. दीर्घकाळ ती जवळजवळ शून्य राहिली की निवडक रुग्णांच्या गोळ्या थांबवतात. त्यांतले निम्म्याच्या आसपास पुढेही औषधाविना राहू शकतात, आणि आजार परतलाच तर त्याच गोळ्यांनी बहुधा पुन्हा आटोक्यात येतो. स्तनाच्या कर्करोगात असं मोजमाप नाही, आणि परतलेला आजार जुन्या औषधाला दाद देईलच याची हमीही नाही. शिवाय हर-टू प्रकारात तो कधी कधी थेट मेंदूत डोकं वर काढतो. म्हणून औषध पूर्ण थांबवायचं तर ते शक्यतो संशोधनाच्या चाचणीत किंवा अगदी बारीक देखरेखीखाली व्हावं, असं माझं मत आहे.

पण कमी करणं म्हणजे दर वेळी बंद करणं नव्हे. कर्करोग हाडांत गेला असेल तर हाडं मोडू नयेत म्हणून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देतात. ते चार आठवड्यांऐवजी बारा आठवड्यांनी दिलं तरी चालतं, हे १८०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत २०१७ मध्ये दिसलं. अशी सवलत मोकळ्या मनाने घ्यावी. हाडांसाठीच दिल्या जाणाऱ्या डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाचं मात्र वेगळं आहे. ते अचानक सोडलं तर हाडांची झीज उसळून वर येते आणि मणके मोडू शकतात.

डोसचीही अशीच गोष्ट. केमोच्या काळात 'सोसेल तितकं जास्त' हा नियम होता. नेमक्या लक्ष्यावर काम करणाऱ्या औषधांना तो तसाच लागू पडेल असं नाही, कारण लक्ष्य एकदा पूर्ण व्यापलं की जादा डोस फक्त त्रास वाढवतो. स्तनाच्या कर्करोगावरचं असंच एक औषध, पॅल्बोसिक्लिब, १२५ मिलिग्रॅमवरून १०० किंवा ७५ वर आणणं ही नेहमीची गोष्ट आहे. पण त्याच्याच जातीच्या रायबोसिक्लिबची सुरुवातच ६०० ऐवजी ४०० ने करून पाहिली, तेव्हा पांढऱ्या पेशी कमी घटल्या, तरी परिणाम तितकाच होतो हे सिद्ध झालं नाही.

आपला अंदाज किती चुकू शकतो, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या एका चाचणीने दाखवलं. काहींना केमो सलग दिली, तर काहींची तीन सायकलनंतर थांबवून आजार वाढला की पुन्हा सुरू केली. सुट्टी मिळालेल्या बायका जास्त सुखात असतील असं कुणालाही वाटेल. घडलं उलटंच. सलग केमोवाल्यांचं जगणंच अधिक बरं होतं, कारण आजाराचा स्वतःचा त्रास औषधापेक्षा जड पडत होता. आजची औषधं वेगळी आहेत, तरी हा निकाल मी विसरू शकत नाही.

म्हणून गुपचूप गोळ्या चुकवण्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसून बोलावं. नेमका त्रास कशाचा आहे: थकव्याचा, जुलाबांचा, हृदयाचा, की दर तीन आठवड्यांनी मोडणाऱ्या दिवसाचा? प्रत्येकावर उपाय वेगळा, आणि काहींसाठी औषधाला हातही लावावा लागत नाही. थांबायचंच ठरलं तर पुढचा स्कॅन कधी, मेंदूचा एमआरआय करायचा का, कोणत्या लक्षणावर लगेच यायचं, हे आधी लिहून घ्यावं. आणि इंजेक्शनचा तो पहिला रिकामा दिवस उगवेल तेव्हा भीती दाटून आली तर फोन कुणाला करायचा, तेही त्याच भेटीत ठरवावं.