कायरोप्रॅक्टिकला ‘कोर्टाची मान्यता’: १९८७ च्या निकालात नेमके काय होते?

कंबरदुखीसाठी फिजिओथेरपी, व्यायाम, गोळ्या की कायरोप्रॅक्टर (मणका हाताने दाबून, झटका देऊन उपचार करणारा), हा वाद रंगला की एक मुद्दा हमखास पुढे येतो: अमेरिकेत कोर्टानेच या उपचाराला मान्यता दिली आहे. त्यावर दुसरी बाजू तितक्याच ठामपणे म्हणते की हा सगळा अंधश्रद्धेचा प्रकार आहे. १९८७ चा तो निकाल या दोन्हींपैकी कोणालाच पुरता आधार देत नाही.

उगम थोडक्यात सांगता येतो. १८९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे एका चुंबकचिकित्सकाने इमारतीतील सफाई कामगाराचा मणका दाबून बसवला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा दावा केला. मणका जागेवरून सरकला की आजार होतो, हा सिद्धांत त्यातूनच पुढे आला. पहिल्या पिढीतील अनेक कायरोप्रॅक्टरांना विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल तुरुंगवास झाला. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये परवान्याचा कायदा केला, तर शेवटचे राज्य लुइझियाना १९७४ पर्यंत थांबले. तोवर, १९७२ मध्ये, ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत या उपचाराचा समावेशही झाला होता. पण १९७५ मध्ये एका सरकारी संशोधन संस्थेने भरवलेल्या परिषदेचा निष्कर्ष असा होता की उपलब्ध संशोधनावरून मणक्याच्या हाताळणीच्या बाजूने किंवा विरोधात काहीच ठामपणे म्हणता येत नाही. परवाना मिळाला, विमा मिळाला आणि पुराव्याची जागा मात्र रिकामीच होती.

याच काळात तिथल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने उघड मोर्चा बांधला. १९६३ मध्ये तिने भोंदूगिरीविरोधी समिती नेमली. १९६६ मध्ये कायरोप्रॅक्टिक हा अशास्त्रीय पंथ असल्याचा ठराव केला. अशास्त्रीय उपचार करणाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवणे संघटनेच्या आचारसंहितेत बसत नव्हते. त्यामुळे कायरोप्रॅक्टरकडे रुग्ण पाठवणे, त्याने पाठवलेला रुग्ण घेणे, हे सगळे सभासद डॉक्टरांसाठी वर्ज्य ठरले.

१९७६ मध्ये काही कायरोप्रॅक्टरांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. १९८१ मध्ये ज्युरीने संघटनेच्या बाजूने कौल दिला. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला. दुसऱ्या फेरीत वादींनी नुकसानभरपाईची मागणी सोडली आणि फक्त मनाई हुकूम मागितला, म्हणून ज्युरीऐवजी एकट्या न्यायाधीशांनी प्रकरण ऐकले. १९८७ मध्ये शिकागोच्या त्या संघीय न्यायालयाने संघटनेला दोषी ठरवले. १९९० मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची सहसा कोणी सांगत नाही. आपला हेतू रुग्णहिताचा होता, असा संघटनेचा बचाव होता. उपचार शास्त्रीय असावेत ही संघटनेची कळकळ खरी होती आणि तिच्या वागण्यामागचे मुख्य कारणही तेच होते, हे न्यायालयाने मान्य केले. बचाव कोसळला तो दुसऱ्या दोन मुद्द्यांवर. १९६६ ते १९८० या बहिष्काराच्या संपूर्ण काळात ही काळजी वस्तुनिष्ठपणे रास्त होती, हे संघटनेला सिद्ध करता आले नाही. स्पर्धेला कमी मारक ठरणाऱ्या मार्गाने, उदाहरणार्थ लोकांना माहिती देऊन, हेच साधता आले नसते, हेही तिला दाखवता आले नाही. कायरोप्रॅक्टिक गुणकारी आहे की नाही यावर आपण निर्णय देत नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले होते. एवढी स्पष्ट सूचना निकालातच असताना तो उपचाराचे प्रमाणपत्र म्हणून फिरवणे ही रुग्णाची दिशाभूल आहे, असे माझे मत आहे. पण बहिष्काराचे नुकसानही मोठे होते. दोन्ही व्यवसायांनी एकत्र बसून चाचण्या करण्याची वाट त्यानेच अडवून ठेवली होती.

ती वाट नंतर मोकळी झाली. १९९० मध्ये ब्रिटनमधील ७४१ रुग्णांच्या चाचणीत कायरोप्रॅक्टिक हे रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातील उपचारांपेक्षा सरस दिसले. आक्षेप असा आला की एका गटाला खासगी दवाखाना आणि अधिक काळ चाललेले उपचार मिळाले, दुसऱ्याला रुग्णालयाची गर्दी. मग फरक उपचाराचा की सोयीचा? १९९८ ची अमेरिकन चाचणी मला त्याहून महत्त्वाची वाटते. ३२१ रुग्णांपैकी काहींना कायरोप्रॅक्टिक, काहींना फिजिओथेरपीतील ठरावीक व्यायामपद्धती आणि काहींना फक्त एक माहितीपुस्तिका दिली गेली. दोन्ही उपचारांचा गुण जवळजवळ सारखा आला, पुस्तिकेपेक्षा किंचितच जास्त. दोन वर्षांचा सरासरी खर्च मात्र फिजिओथेरपीला ४३७ डॉलर, कायरोप्रॅक्टिकला ४२९ आणि पुस्तिकेला १५३ डॉलर होता. उपचार ‘परवडतो का’ या प्रश्नाचे इतके थेट उत्तर या विषयात क्वचितच मिळते.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये १,३३४ जणांवर चाचणी झाली. तीत मणक्याची हाताळणी कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ (हाडे-सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करणारा दुसरा एक व्यवसाय) आणि फिजिओथेरपिस्ट अशा तिघांनीही आधी ठरवून घेतलेल्या एकाच पद्धतीने केली. फायदा दिसला, पण बेताचाच, आणि वर्षअखेरीस तो आणखी कमी झाला. २०११ आणि २०१९ च्या मोठ्या आढाव्यांनी जुनाट कंबरदुखीत हाताळणी आणि इतर शिफारस झालेले उपचार यांत रुग्णाला जाणवावा असा मोठा फरक नसल्याचे नोंदवले.

कंबरदुखीच्या उपचारांसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही त्याच दिशेने सरकल्या. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये हाताने करायचे उपचार हा स्वतंत्र पर्याय होता. २०१६ मध्ये व्यायामाची जोड असेल तरच, अशी अट आली. अमेरिकेत २०१७ मध्ये गोळ्यांआधी विचारात घेण्याच्या उपायांत शेक, मसाज आणि ॲक्युपंक्चरसोबत हाताळणीचे नाव आले. ओपिऑइड (अफूसारख्या) वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने त्या देशात माजवलेला हाहाकार पाहता त्या क्रमाला मोठा अर्थ होता.

या सगळ्या शिफारशी कंबरेपुरत्या आहेत. मणका सरकल्याने आजार होतो या मुळातल्या सिद्धांताला २०१० मध्ये ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या नियामक संस्थेनेच ऐतिहासिक संकल्पना म्हटले आणि त्याला संशोधनाचा आधार नसल्याचे सांगितले. दमा किंवा लहान बाळांचे पोटशूळ यांवरचे दावे त्याच सिद्धांतावर उभे आहेत. मानेचा प्रश्न तर आणखी वेगळा. मानेला झटका दिल्यानंतर तिथली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. २००८ मधील कॅनडातील एका अभ्यासात मात्र अशा पक्षाघाताआधी रुग्ण कायरोप्रॅक्टरकडे जसे गेलेले दिसले, तसेच साध्या डॉक्टरांकडेही. रक्तवाहिनी आधीच फाटू लागलेली असते आणि तिच्याच दुखण्यामुळे रुग्ण दोन्हीकडे जातो, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. म्हणूनच नव्याने उद्भवलेली, कधी न अनुभवलेली मानदुखी किंवा डोकेदुखी असेल, तर मानेला हात लावण्याआधी ही शक्यता तपासणे आवश्यक ठरते.