नाव पिंपळीचं, मान मिरीचा

काष्ठौषधींच्या दुकानात पिंपळी मागितली की हातावर पडतं ते बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठं, करडं, खडबडीत फळ. खोकल्यावर पूड करून मधातून चाटवतात तीच ही, संस्कृतातली ‘पिप्पली’. इंग्रजी ‘पेपर’, जर्मन ‘फेफर’, फ्रेंच ‘प्वाव्र’, इटालियन ‘पेपे’ ही सगळी हिच्याच नावाची नातवंडं. पण युरोपात या शब्दांनी आज ओळखली जाते ती पिंपळी नव्हे, काळी मिरी.

व्यापाऱ्यांच्या तोंडून हा शब्द इराणमार्गे पश्चिमेला गेला. वाटेत ‘ल’चा ‘र’ झाला, ग्रीकांनी ‘पेपेरी’ म्हटलं, रोमनांनी ‘पिपेर’. दोन्ही जिन्नस एकाच नावाने विकले जात, भाव मात्र निराळे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने ते नोंदवून ठेवलेत : पौंडाला पिंपळी १५ देनारियस (रोमन चांदीची नाणी), पांढरी मिरी ७, काळी ४. नुसत्या तिखटपणासाठी लोक हे थेट भारतातून का आणवतात, याचं त्याला नवल वाटे. पुढे स्वस्त मिरीनेच बाजार मारला आणि पिंपळी नाव मागे ठेवून युरोपच्या स्वयंपाकघरातून निघून गेली.

मिरीची पत मोठी. ४०८ साली गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोन्याचांदीबरोबर ३००० पौंड मिरी मागितली. डच भाषेत फार महाग वस्तू अजून ‘मिरीइतकी महाग’ असते. जर्मन माणूस नकोशा माणसाला ‘मिरी पिकते तिकडे जा’ म्हणतो. म्हणजे मलबारात! एवढी वाईट शिक्षा नाही ती.

स्पॅनिश ‘पिमिएन्ता’चं मूळ मात्र वेगळं, रंगद्रव्याला असलेल्या लॅटिन ‘पिगमेंतुम’मध्ये. १४९२ साली मसाल्यांच्या शोधात निघालेल्या कोलंबसाला भलत्याच किनाऱ्यावर मिरची सापडली, आणि तिलाही मिरीचंच नाव चिकटलं. स्पॅनिशमध्ये आता ‘पिमिएन्ता’ मिरी आणि ‘पिमिएन्तो’ ढोबळी मिरची. हंगेरीचा ‘पाप्रिका’सुद्धा ‘पिपेर’च्याच वंशातला, सर्बांच्या भाषेतून आलेला. यावर आपण हसायचं कारण नाही. पोर्तुगीजांबरोबर ही पाहुणी आली तेव्हा आपणही ‘मिरी’वरूनच ‘मिरची’ केली.

ब्राझीलमध्ये तर ‘पिमेंता’ म्हटलं की आधी मिरचीच आठवते. मूळ मिरीला तिथे ‘पिमेंता-दो-रेइनो’ म्हणावं लागतं : राज्यातली, म्हणजे पोर्तुगालहून आलेली, मिरची.