मॅगझिन-सुसंगती, बोल्ट-ॲक्शन रायफलीची

बोल्ट-ॲक्शन रायफलीचा मूळ दस्ता काढून दुसऱ्या निर्मात्याचा दस्ता किंवा धातूची चेसिस (सांगाडा) बसवली, तरी मॅगझिनमधील, म्हणजे काडतुसांच्या पेटीतील, काडतूस बोल्टसमोर (हाताने मागेपुढे सरकवायच्या दांड्यासमोर) योग्य उंचीवर व योग्य कोनात यावे लागते. या गुणाला मॅगझिन-सुसंगती म्हणतात. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो धातूचा मुख्य भाग), दस्ता, ट्रिगर गार्डसह खालची पट्टी आणि मॅगझिन या चार भागांचा त्यात संबंध येतो. एक बदलला की उरलेले तिन्ही पुन्हा तपासावे लागतात.

काढता-घालता येणाऱ्या उभ्या पेटी-मॅगझिनचे श्रेय सामान्यतः जेम्स पॅरिस ली याला दिले जाते. तो जन्माने स्कॉटिश. कॅनडामार्गे अमेरिकेत गेला आणि १८७९ मध्ये त्याने या रचनेचे पेटंट घेतले. लीला नेमके काय अभिप्रेत होते, याबद्दल एकमत नाही. सैनिकाने भरलेली अनेक मॅगझिने जवळ बाळगावीत व रिकामे झालेले बदलावे, असा त्याचा हेतू होता, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार मॅगझिन सुटे असणे ही मुख्यतः साफसफाईची सोय होती. ब्रिटिश लष्कराची प्रथा दुसऱ्या मताला अनुकूल दिसते. १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलीचे आठ काडतुसांचे मॅगझिन चक्क साखळीच्या कडीने रायफलीला अडकवलेले होते. पुढे १८९२ च्या सुमारास दहा काडतुसांचे, दोन ओळींचे मॅगझिन आले आणि १९०३-०४ च्या आखूड ली-एनफील्डमध्ये ते वरून पाच-पाच काडतुसांच्या क्लिपने भरण्याची पद्धत रूढ झाली. लीच्या मूळ कल्पनेबाबत मात्र पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटिश प्रथा ही त्या कल्पनेला घातलेली मुरड असावी. तिचा परिणाम असा, की ली-एनफील्डचे मॅगझिन सुटे असले तरी अदलाबदलीचे ठरले नाही. त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडा, त्या-त्या रायफलीला जुळवून घ्यावे लागतात.

ली-एनफील्डमध्ये मॅगझिनचा खटका थेट रिसीव्हरवर असतो. त्यामुळे पुढचे लाकूड बदलल्यास मॅगझिनची उंची फारशी ढळत नाही. खाच पुरेशी मोकळी असली म्हणजे भागते. १८९८ च्या माउझरचे तसे नाही. त्यात पेटी व ट्रिगर गार्ड एकजीव असून काडतुसांना आवर घालणाऱ्या कडा रिसीव्हरच्या पोटात कोरलेल्या असतात. अशा रायफलीला सुटे मॅगझिन जोडायचे तर ओठ दोन ठिकाणी होतात, म्हणून रिसीव्हरच्या कडा कापाव्या लागतात. हे काम उलटवता येत नाही. १९६२ मध्ये आलेल्या रेमिंग्टन ७०० मध्ये पत्र्याची स्वतंत्र पेटी रिसीव्हर व खालच्या पट्टीच्या दरम्यान किंचित सैल राहते. नवा दस्ता उथळ कोरलेला असेल तर स्क्रू आवळताना ती चिमटली जाते, ॲक्शनवर (रिसीव्हर व बोल्टच्या यंत्रणेवर) ताण येतो आणि नेम पसरतो; दोष मात्र बहुधा नळीला दिला जातो. याच रायफलीच्या बंद तळाच्या प्रकाराचा दस्ता उघडणाऱ्या झाकणाची पट्टी घेत नाही, त्यासाठी तो खालून कोरावा लागतो.

मॅगझिन खाली बसले तर बोल्ट काडतुसाच्या बुडावरून सरकून जातो. वर बसले तर तो ओठांना घासतो. फरक मिलिमीटरच्या अंशांचा असतो. तपासणी दारूविरहित डमी काडतुसांनी करतात, जिवंत काडतुसांनी कधीच नाही. लांबीचाही प्रश्न येतो: .३०८ विंचेस्टरचे काडतूस सुमारे ७१ मिमी., तर .३०-०६ चे सुमारे ८५ मिमी. असते. चेसिसमध्ये सध्या ॲक्युरसी इंटरनॅशनल या ब्रिटिश कंपनीच्या एआयसीएस नमुन्याचे मॅगझिन प्रचलित असून ते अनेक निर्माते बनवतात. त्याच मूळ कंपनीचे एडब्ल्यू मॅगझिन दोन्ही ओळींतून आलटून-पालटून काडतूस देते, एआयसीएस मात्र मधोमध एकेक देते. एकासाठी कोरलेल्या खाचेत दुसरे चालेलच, असे धरून चालता येत नाही.

लाकडी दस्त्याच्या बाबतीत हवामान महत्त्वाचे ठरते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाऊ शकतो आणि लगेच दमट पावसाळा येतो. अक्रोडाचे लाकूड या फेऱ्यात आकसते व फुगते. रिसीव्हर व ट्रिगर गार्ड यांच्यामधले लाकूड दबले की खालची पट्टी वर चढते. ली-एनफील्डमध्ये पुढच्या स्क्रूभोवती धातूची नळकांडी असते, ती हे अंतर राखते. दस्ता बदलताना हरवणारी वस्तू बहुतेकदा हीच. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या ली-एनफील्ड रायफलींत पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू गेलेला दिसतो. तो लाकूड चिरू नये म्हणून असावा, असे सामान्यतः मानतात. इशापूरच्याच ७.६२ मिमी. २ए१ रायफलीचे मॅगझिन अधिक चौकोनी असून .३०३ च्या ली-एनफील्डचे मॅगझिन त्याला पर्याय होत नाही.

नागपूर परिसरात रायफलीचा परिचय मुख्यतः कामठी छावणी, राज्य राखीव पोलीस दल व राष्ट्रीय छात्रसेना यांमुळे आहे. ली-एनफील्डवरून केलेल्या .२२ सरावाच्या रायफलींतले मॅगझिन म्हणजे नुसते कवच असते. काडतूस हाताने एकेक भरतात आणि रिकाम्या पुंगळ्या त्या कवचात पडतात, तेव्हा सुसंगतीचा प्रश्नच उरत नाही. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत रायफली बनतात हा समज चुकीचा आहे. तेथे तोफगोळ्यांचे व रॉकेटचे भाग तयार होतात. मध्य प्रांताच्या काळातील शिकारी रायफली काही घरांत आहेत, परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर त्यांचा वापर जवळपास थांबला.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्राचे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात; दुरुस्ती व रूपांतराच्या व्यवसायाला कलम ५ खाली परवाना लागतो. .३०३ व ७.६२ मिमी. हे लष्करी काडतूस डागणारे बोअर (नळीच्या व्यासाचे प्रकार) सामान्य परवानाधारकाला प्रतिबंधित असल्याने खाजगी हातांत प्रामुख्याने .३१५ व .३०-०६ च रायफली आढळतात, आणि परदेशी चेसिसचे बहुतेक तयार पर्याय .३१५ साठी बनतच नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात.